गोदावरीतली सूक्ष्म शैवाले: उगमापासून समुद्रापर्यंत सर्वेक्षण कसे करावे

गोदावरीच्या शैवालांवर महाविद्यालयांतून बरेच प्रकल्प होतात. पुष्कळदा त्यांत एका घाटावरचे बाटलीभर पाणी, त्यात दिसलेल्या तीस-चाळीस नावांची यादी आणि शेवटी ‘नदी प्रदूषित आहे’ एवढेच असते. यादी खोटी नसते. पण अमुक शैवाल तिथेच का आहे, आणि वीस किलोमीटर वर किंवा खाली काय आहे, हे तिच्यातून कळत नाही. नदीच्या लांबीभर शैवाल कसे बदलत जाते हे ज्यांना खरोखर पाहायचे आहे, त्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि नदीवर काम करणाऱ्या गटांसाठी हा लेख आहे.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगतो. गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते, पण तिचे शैवाल ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत सावकाश, सलग बदलत जात नाही. धरणापाशी ते तुटते, शहरापाशी तुटते, मोठ्या संगमापाशी तुटते. म्हणून दर पन्नास किलोमीटरवर एक ठिकाण अशी आखणी करू नका. प्रत्येक तुटीच्या वर एक आणि खाली एक, अशी ठिकाणांची जोडी घ्या.

पहिली गोष्ट: कुठले शैवाल मोजणार ते ठरवा

नदीत शैवालांच्या दोन वेगळ्या वस्त्या असतात. एक पाण्यात तरंगत वाहणारी. दुसरी दगड, वाळू, पाणवनस्पती, घाटाच्या पायऱ्या यांना चिकटून राहणारी. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि त्यांची सरमिसळ केली की सगळा अभ्यास वाया जातो.

साधा हिशेब करून पाहा. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत असेल तर ते तासाला १.८ किलोमीटर आणि दिवसाला सुमारे ४३ किलोमीटर जाते. तरंगत्या शैवालाची संख्या दुप्पट व्हायला अगदी अनुकूल स्थितीतही साधारण एक दिवस लागतो. गंगापूर धरणातून सुटलेले पाणी काही तासांत नाशिकला पोहोचते. तेवढ्या वेळात त्यात नवे शैवाल वाढायला उसंतच मिळत नाही. म्हणजे रामकुंडाच्या पाण्यात जे तरंगताना दिसते ते धरणातून आलेले असते, दगडांवरून खरवडले गेलेले असते किंवा नाल्यातून आलेले असते. त्या जागेची खरी साक्ष देतो तो तिथल्या दगडावरचा थर, कारण तो कित्येक आठवडे तिथेच बसून सगळे सोसत असतो.

याउलट नाथसागरासारख्या (पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयासारख्या) साठ्यात पाणी महिनोन् महिने थांबते. तिथे तरंगते शैवालच मुख्य. तेव्हा वाहत्या भागात दगड आणि साचलेल्या भागात पाणी हा माझा नियम. वेळ आणि माणसे असतील तर दोन्हीकडे दोन्ही घ्या, पण आकडे कधीही एकत्र करू नका.

ठिकाणे निवडणे

इथे घाई करू नका. मोजणीतली चूक पुन्हा मोजून सुधारता येते, चुकीच्या जागेचा नमुना सुधारता येत नाही.

त्र्यंबकेश्वरला कुशावर्त हे कुंड आहे. त्यातला नमुना नदीचा म्हणून धरू नका. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे ओहोळ आणि पुढे चक्रतीर्थाचा परिसर घ्या. उन्हाळ्यात इथे पाणी फार कमी होते, म्हणून हे ठिकाण पावसाळ्यानंतर लगेच आणि हिवाळ्यातच धरावे. पुढची जोडी गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या वर आणि भिंतीच्या खाली. त्याखाली सोमेश्वरचा धबधबा. काळा बेसाल्ट, खळाळते पाणी आणि भरपूर उजेड, त्यामुळे दगडावरचे डायटम (सिलिकेचे काचेसारखे कवच असलेली एकपेशी शैवाले) शिकण्यासाठी नाशिक परिसरात यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही.

रामकुंडाजवळ पात्राच्या तळाला काही भागांत काँक्रीट आहे. तिथला थर काँक्रीटवरचा, सोमेश्वरचा बेसाल्टवरचा. अशी तुलना करताना फरक पाण्यामुळे पडला की पृष्ठभागामुळे, हे सांगता येत नाही. शहराचा परिणाम पाहायचा तर शहराच्या वर आणि तपोवनच्या खाली, दोन्हीकडे नैसर्गिक दगड शोधा.

मग नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरलेला आहे. २०२० मध्ये तो महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. इथे वनस्पतींच्या देठांवरचे शैवाल हा एक स्वतंत्र नमुना घ्या. हे अभयारण्य आहे, वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. जायकवाडीलाही पक्षी अभयारण्य आहे, आणि धरणांच्या भिंतीजवळ जलसंपदा विभागाची परवानगी लागते.

प्रवरासंगमला प्रवरा येऊन मिळते तिथे नाथसागराचा फुगवटा असतो. साठा भरलेला असताना हा संगम म्हणजे तलावच. पाणी उतरल्यावर तो पुन्हा नदी होतो. त्यामुळे त्या दिवशीची जलाशयाची पातळी नोंदवल्याशिवाय इथल्या आकड्यांना अर्थ नाही. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीची एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ-नऊ मीटरच निघते. इतक्या उथळ, पसरट पाण्याला वारा सहज घुसळतो, तळाचा गाळ वर येतो, आणि जड कवचाचे डायटमही तरंगत राहू शकतात. म्हणून इथे काठ, मध्य आणि भिंतीजवळ असे तीन वेगळे नमुने घ्या.

पैठणच्या खाली एक ठिकाण, मग नांदेडला विष्णुपुरीच्या वर आणि शहराच्या खाली. तेलंगणात श्रीरामसागराच्या वर बासर आणि पुढे धरणाखाली एक. सिरोंचाजवळ प्राणहिता येते ती वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचे पाणी घेऊन, म्हणजे विदर्भाचा मोठा भाग. दख्खनच्या बेसाल्टवरून आलेल्या गोदावरीपेक्षा तिची जमीन वेगळी, तिचा गाळ वेगळा. अशा संगमात दोन्ही पाणी बरेच अंतर शेजारी शेजारी, न मिसळता वाहतात. तेव्हा संगमाखाली दोन्ही काठांचे नमुने स्वतंत्र घ्या आणि दोन्हीकडची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप, मोजा. आकडे जुळू लागले की पाणी मिसळले. इथे पात्र वाळूचे आहे, दगड मिळणे कठीण. मग पाण्यात उभ्या वनस्पतींचे देठ किंवा पुलाचे खांब घ्या. मात्र दोन ठिकाणांची तुलना सारख्याच पृष्ठभागाची करा.

शेवटचा टप्पा पापीकोंडाच्या घळीतून राजमहेंद्रवरम आणि धवळेश्वरम. धवळेश्वरमचा बंधारा ही गोड्या आणि खाऱ्या पाण्यातली मोठी सीमा आहे. त्याच्या खाली, गौतमी शाखेवर यानमपर्यंत, उन्हाळ्यात भरतीबरोबर खारट पाणी आत शिरते. इथे क्षारता मोजलीच पाहिजे, आणि भरती-ओहोटी दोन्ही वेळचे नमुने घेतले पाहिजेत. स्केलेटोनेमा, थॅलॅसिओसायरा, कॉसिनोडिस्कस, कीटोसेरॉस हे समुद्राकडचे डायटम दिसू लागले की मीठ कुठवर पोहोचते याचा अंदाज येतो.

एवढी नदी एका गटाला झेपणार नाही. मग नदी अर्धवट पाहण्यापेक्षा तुटी कमी घ्या. गंगापूर, नाशिक शहर आणि नांदूर मध्यमेश्वर या तिन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. तिन्हींची वरची-खालची ठिकाणे नीट केली तरी एका वर्षाचा भक्कम अभ्यास होतो.

केव्हा जायचे

पूर आला की दगड गडगडतात, थर धुऊन जातो आणि वस्ती पुन्हा पहिल्यापासून बसते. म्हणून मोठ्या पुरानंतर किमान तीन-चार आठवडे दगडाचा नमुना घेऊ नका. आपल्याकडे सोयीचे तीन फेरे म्हणजे नोव्हेंबर, जानेवारी-फेब्रुवारी आणि एप्रिल-मे.

पण खालच्या गोदावरीवर ऋतूइतकाच धरणाच्या आवर्तनाचा जोर असतो. कालपर्यंत कोरडा असलेला दगड आवर्तन सुटले की पाण्याखाली जातो आणि त्यावर काहीच सापडत नाही. त्याला ‘स्वच्छ पाणी’ समजणे फार सोपे आहे. मागच्या महिन्यात विसर्ग केव्हा आणि किती क्युसेक होता ते पाटबंधारे कार्यालयातून किंवा स्थानिक वर्तमानपत्रातून नोंदवून ठेवा. विसर्ग चालू असताना पात्रात उतरू नका. भोंगा ऐकला की सामान तिथेच टाकून काठावर या.

सिंहस्थाचा परिणाम मोजावा असे नाशिकच्या अनेकांच्या मनात असते. इच्छा रास्त आहे. पण मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसात येतात. पुराचा आणि गर्दीचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर त्याच महिन्यांचे, सिंहस्थ नसलेल्या वर्षाचे नमुने आधीच हाताशी हवेत.

दगडावरचा नमुना

खळाळाच्या भागात, गुडघ्याहून कमी पाण्यात उतरा. १० ते ३० सेंटिमीटर खोलीवरचे, मुठीपेक्षा मोठे आणि नारळापेक्षा लहान असे पाच दगड निवडा. झाडाच्या सावलीतले नकोत आणि नुकते उलटलेलेही नकोत. दगड उचलण्याआधी त्यावर बोट फिरवा. बुळबुळीत, तपकिरी थर लागला तर तो बहुधा डायटमचा. त्यांच्यात हरितद्रव्याबरोबर सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य असते म्हणून हा रंग. हिरवे लांब धागे दिसले तर तो निराळा समाज. त्याची स्वतंत्र बाटली भरा.

दगड वर काढताना नदीच्याच पाण्यात एकदा हलकेच फिरवा, म्हणजे वर नुसता बसलेला गाळ निघून जाईल. जोरात विसळू नका. मग पांढऱ्या ट्रेमध्ये धरा, वरच्या बाजूवर तीन बाय तीन सेंटिमीटरचा चौकोन कापलेले रबर दाबून बसवा आणि तेवढाच भाग टूथब्रशने घासा. थोडे थोडे पाणी सोडत राहा. दगडाचा मूळ काळा रंग दिसू लागला आणि ट्रेतले पाणी तपकिरी झाले की झाले. पाच दगडांचे मिळून ४५ चौरस सेंटिमीटर होतात. हा आकडा वहीत हवा, कारण पुढे ‘दर चौरस सेंटिमीटर किती’ हे याच्यावरच काढायचे आहे. अशा पाच-पाच दगडांच्या तीन जुड्या घ्या. एकच जुडी घेतली तर त्या जागेतला नैसर्गिक चढउतार कळत नाही.

प्रत्येक ठिकाणी नवा ब्रश वापरा. डायटमची कवचे काचेसारख्या सिलिकेची असतात, ती ब्रशच्या केसांत अडकतात आणि धुऊनही पूर्ण निघत नाहीत. दहा रुपयांचा ब्रश वाचवायला गेलात तर त्र्यंबकच्या यादीत तपोवनचे डायटम येतील.

बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली ट्रेसिंग पेपरची चिठ्ठी टाका. बाहेर लिहिलेली शाई अल्कोहोल लागले की जाते.

पाण्याचा नमुना

पृष्ठभागापासून साधारण अर्धा मीटर खालचे एक लिटर पाणी बाटली बुडवून घ्या. वरचा तवंग आणि तळाचा गाळ टाळा. २० मायक्रॉन छिद्रांची जाळी जरूर वापरा, पण फक्त जातींची यादी वाढवण्यासाठी. तिच्यातून बारीक पेशी निसटतात, म्हणून जाळीच्या नमुन्यावरून संख्या काढू नये.

टिकवण्यासाठी ल्युगॉलचे द्रावण उत्तम: २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, त्यात १० ग्रॅम आयोडीन आणि मग २० मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल घाला. नमुन्याला कोऱ्या फिक्या चहाचा रंग येईपर्यंत थेंब थेंब टाका. उजेडात रंग उडतो, म्हणून गडद रंगाच्या काचेच्या बाटल्या घ्या आणि महिन्यातून एकदा रंग तपासा. एक छोटी बाटली मात्र काहीही न घालता बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बघा. युग्लेनासारखी शैवाले द्रावणात आकसून ओळखू येईनाशी होतात.

त्याच वेळी तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, सेक्ची तबकडीची खोली (पाण्यात सोडलेली तबकडी जिथवर दिसते ती) आणि घड्याळातली वेळ नोंदवा. ऑक्सिजनला वेळेशिवाय अर्थ नाही, कारण दाट शैवालात तो दुपारी चढतो आणि पहाटे उतरतो. प्रयोगशाळेत नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट. सिलिकेट बरेच जण सोडतात. डायटमचा अभ्यास असेल तर ते सोडू नका. मोठ्या साठ्यात डायटम सिलिका वापरून तळाला बसतात, आणि धरणाखालच्या पाण्यात ती कमी होऊ शकते.

फुगवट्यात हिरव्या ऑइलपेंटसारखी साय आढळली तर हातमोजे घाला. ती मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शैवालाची असू शकते आणि त्याच्या काही वाणांत यकृताला घातक विष असते. तिथे गुरे पाणी पीत असतील तर गावात सांगा.

डायटम साफ करणे

जातीपर्यंत ओळखायचे तर कवचावरच्या रेषा दिसल्या पाहिजेत, आणि त्यासाठी आतला जीवद्रव्याचा भाग जाळावा लागतो. पण त्याआधी न जाळलेला एक थेंब पाहून शंभर पेशींत किती जिवंत आणि किती नुसती रिकामी कवचे, हे मोजा. धरणाखाली हा आकडा फार बोलका असतो, कारण रिकामी कवचे वरून वाहत येतात.

ल्युगॉल धुऊन टाका. १० मिलिलिटर नमुन्यात २० मिलिलिटर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालून धूर ओढणाऱ्या कपाटात, हॉट प्लेटवर सुमारे ९० अंशांवर एक ते तीन तास ठेवा. फेस एकदम उसळतो, म्हणून मोठे बीकर, चष्मा आणि हातमोजे हवेतच. शेवटी हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब, म्हणजे चुना जाईल. गार झाल्यावर चार-पाच वेळा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. दर वेळी रात्रभर बसू द्या.

थेंब कव्हरस्लिपवर वाळवा आणि नॅफ्रॅक्स या स्लाइड पक्की करण्याच्या माध्यमात बसवा. बहुतेक महाविद्यालयांत डीपीएक्स असते, ते इथे चालत नाही. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) १.५२ च्या आसपास, सिलिकाच्या कवचाचा १.४५ च्या जवळ. दोन्ही इतके जवळ की कवच माध्यमात बुडाल्यासारखे होते आणि रेषा पुसट होतात. नॅफ्रॅक्सचा १.७ हून जास्त असल्याने त्या ठळक उठतात. एक लहान बाटली वर्षानुवर्षे पुरते, विभागाने ती मागवावी.

मोजणी

डायटमसाठी तेलात बुडवलेल्या, हजारपट वर्धनाच्या भिंगाखाली प्रत्येक स्लाइडवर ४०० कवचे मोजा. ४०० मोजल्यावर एकूण संख्येत साधारण १० टक्क्यांची चूक राहते, १०० वर थांबलात तर २० टक्क्यांची.

पाण्यासाठी एक लिटर नमुना अंधारात किमान ४८ तास बसू द्या, वरचे पाणी सायफनने हळू काढा आणि ५० मिलिलिटर उरवा. सेजविक-राफ्टर कोशात (मोजणीसाठीच्या खोलगट स्लाइडमध्ये) एक मिलिलिटर मावतो आणि त्याचे १,००० चौकोन असतात. समजा ४० चौकोनांत १२० पेशी दिसल्या. मग दाट केलेल्या नमुन्यात दर मिलिलिटर ३,०००, आणि तो वीसपट दाट असल्याने नदीच्या पाण्यात दर मिलिलिटर १५०. ऑसिलॅटोरियाचा धागा एक धरायचा की दर १०० मायक्रॉनला एक, मायक्रोसिस्टिसच्या वसाहतीतल्या पेशी कशा अंदाजायच्या, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीत लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

ओळख, आणि नावांचा मोह

इथे माझे मत जरा ठाम आहे. युरोप-अमेरिकेची चित्रे समोर ठेवून आपल्या डायटमवर तिकडची नावे डकवण्याची सवय सोडली पाहिजे. सह्याद्रीतल्या ओढ्यांत इतरत्र न आढळणाऱ्या जाती आहेत. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी गेल्या शतकाच्या मध्यात कोल्हापूरसह पश्चिम भारतात फिरून डायटमच्या शेकडो जातींची वर्णने केली. महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवर सरोदे आणि कामत यांचे १९८४ चे पुस्तक आहे. ते आधी उघडा. अडले तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालते, तिथे विचारा. तरीही जुळत नसेल तर ‘गोम्फोनेमा, प्रकार १’ असे लिहा आणि फोटो, लांबी, रुंदी, १० मायक्रॉनमध्ये किती रेषा, हे नोंदवा. प्रामाणिक ‘प्रकार १’ पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो, ओढूनताणून दिलेले नाव त्याची दिशाभूल करते.

जात ओळखता आली नाही तरी राहणीवरून बरेच कळते. ॲक्नॅन्थिडियम आणि कॉक्कोनाइस दगडाला लगटून बसतात; वेगवान पाणी आणि गोगलगायींची चराई सोसतात. गोम्फोनेमा देठावर उभा राहतो, उजेड आणि खाद्य भरपूर असेल तर फोफावतो, पण पुरात आधी तुटतो. नॅव्हिक्युला आणि नित्झशिया सरकू शकतात, गाळाखाली गाडले गेले तरी वर येतात. त्यामुळे सरकणाऱ्यांचे प्रमाण एकदम वाढले तर आधी गाळाचा विचार करा, मग सांडपाण्याचा. साठ्याखाली ऑलॅकोसायराच्या साखळ्या दगडावर सापडल्या तर त्या बहुधा धरणातून येऊन अडकलेल्या आहेत.

आकडे वाचताना

पामर यांचा १९६९ चा सेंद्रिय प्रदूषणाचा निर्देशांक सगळे वापरतात. वीस प्रजातींना (म्हणजे जातींच्या गटांना, इंग्रजीत जीनस) १ ते ५ गुण, सापडलेल्यांची बेरीज २० किंवा जास्त म्हणजे तीव्र सेंद्रिय प्रदूषण, १५ ते १९ म्हणजे संभाव्य. युग्लेना ५, ऑसिलॅटोरिया ५, सीनडेस्मस ४, नॅव्हिक्युला ३, नित्झशिया ३: एवढ्यावरच २० झाले. अडचण अशी की नॅव्हिक्युला आणि नित्झशियाच्या स्वच्छ पाण्यातल्याही जाती आहेत, त्यामुळे बहुतेक कुठेही ६ गुण आपोआप पडतात. त्यापेक्षा नित्झशिया पॅलिया या सांडपाणी सोसणाऱ्या जातीचे शेकडा प्रमाण वरच्या आणि खालच्या ठिकाणी किती, हे सांगणे जास्त भक्कम. युरोपात बसवलेले डायटम निर्देशांक काढायला हरकत नाही, पण त्यांचा उपयोग दोन ठिकाणांच्या तुलनेपुरता ठेवा. तिकडचे ‘चांगले-वाईट’ वर्ग इथे लावू नका.

आलेख काढताना आडव्या अक्षावर त्र्यंबकपासूनचे अंतर घ्या आणि धरणे, शहरे, संगम यांच्या जागी उभ्या रेषा मारा. बिंदू एका सलग रेषेने जोडू नका, प्रत्येक तुकडा वेगळा काढा. वैविध्याचा शॅनन निर्देशांक हवा तर द्या, पण नुसता तो पुरेसा नाही, कारण थोड्याशा सांडपाण्याने सुरुवातीला वैविध्य वाढतेही.

प्रत्येक स्लाइडच्या दोन प्रती करा, एक विभागात आणि एक मान्य संग्रहात. उरलेला साफ केलेला नमुना अल्कोहोलमध्ये झाकण घट्ट लावून ठेवा. मोजणीचे कच्चे तक्ते, जीपीएसचे अक्षांश-रेखांश, विसर्गाच्या नोंदी आणि दगडाच्या जागेचा फोटो हे सगळे एकाच क्रमांकाखाली राहू द्या, म्हणजे दहा वर्षांनी दुसरा कोणी त्याच दगडांच्या रांगेत उभा राहून तेच पुन्हा मोजू शकेल.